आजोळचे पाणी

सरकारी नोकरीत ज्यांची हयात बदल्यांत जाते त्यांची पाण्याविषयी एक ठाम समजूत झालेली असते. नव्या गावी बिऱ्हाड उतरले आणि घरात कोणाचे पोट बिघडले की दोष पाण्याचा. केस गळू लागले तर पाणी जड, डाळ शिजली नाही तर पाणी खारे, आणि मुलांचे अभ्यासात लक्ष लागेनासे झाले तरी ‘इथले पाणी मानवत नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पाण्याला खुलासा करण्याची सोय नसल्यामुळे हा ठपका कायम राहतो. आम्हीही दोन वर्षांहून अधिक काळ लुधियान्याच्या पाण्यावर असाच ठपका ठेवला होता. निदान ह्या एका आरोपातून ते पाणी निर्दोष सुटले. परंतु ते सुटेपर्यंत आमच्या धाकट्या चिरंजीवास त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. त्या चुकीची ही हकीकत आहे. आमच्याप्रमाणेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या वाचकांपैकी एखाद्यास तिचा उपयोग व्हावा, एवढीच ती लिहिण्यामागील इच्छा.

जून २०१६ मध्ये आम्ही मंगळुराहून लुधियान्यास आलो. थोरली कन्या तेव्हा आठ वर्षांची होती आणि चिरंजीव अडीच वर्षांचे. मंगळूर हा भाताचा मुलूख. चिरंजीवांचे उष्टावणही तिथेच झाले होते आणि पेज, मऊ भात, घावन ह्यांवरच त्यांची पहिली वाढ झाली होती. पंजाबात आलो तो एकदम गव्हाच्या राज्यात. गावाबाहेर पाऊल टाकले की क्षितिजापर्यंत गहू. वैशाखीच्या सुमारास ती शेते सोन्याची होतात आणि मंडीत धान्याच्या राशींमधून वाट काढावी लागते. पंजाबी माणूस गव्हाला ‘कणक’ म्हणतो. आपल्या ‘कणके’चाच हा सख्खा भाऊ, म्हणून तो शब्द आम्हाला पहिल्याच दिवशी आवडला होता. शेजारच्या सरदारजींच्या मातोश्रींनी (त्यांना सारी वसाहत ‘बीजी’ म्हणत असे) तुपाने माखलेले फुलके आमच्या दोन्ही मुलांपुढे ठेवले, तेव्हा मुलांच्या प्रकृतीची काळजी आता मिटली असे आम्हाला मनापासून वाटले.

खरे सांगायचे तर भाकरी आमच्या घरातून आधीच गेली होती. आमच्या बालपणी पोळी सणासुदीची आणि भाकरी रोजची. पुढे नोकरी लागली, बढत्या झाल्या, आणि प्रत्येक बढतीबरोबर भाकरी एकेक पायरी मागे सरली. मंगळुरास भाताने तिची जागा घेतली होती. लुधियान्यास गव्हाने ती पुरती व्यापली. सकाळी दलिया, दुपारी पोळी, संध्याकाळी रव्याचा शिरा किंवा शेवयांची खीर, आणि निजताना दुधातून माल्टची पूड. ही पूड जवापासून होते हे आम्हाला ठाऊक होते, आणि त्याचा आम्हाला आनंदच होता.

पहिल्याच हिवाळ्यात चिरंजीवांचे पोट बिघडले ते नीट होईना. पोट घुमटासारखे फुगलेले आणि हातपाय काटकुळे. रंग फिका पडला. स्वभावाने मूळचा हसरा मुलगा किरकिरा झाला. तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून पडून राही. सर्दीखोकला तर पाचवीलाच पुजलेला. आमच्या सरकारी घराच्या स्वयंपाकघराच्या दारावर, चौकटीच्या डाव्या अंगाला कन्येची आणि उजव्या अंगाला चिरंजीवांची उंची आम्ही शिसपेन्सिलीने नोंदवीत असू. डाव्या अंगाच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या वर चढत होत्या. उजव्या अंगाला चौदा महिन्यांच्या अवधीत ओढलेल्या रेघा एकीवर एक पडून तिथे एक जाड काळा पट्टा तेवढा झाला होता.

ज्याला त्याला विचारावे तो एकच निदान करी: ‘मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे.’ डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले, लोहाचे दिले, भुकेचे दिले. लोह पोटात जाई, रक्तात मात्र येत नसे. सौ.ने दृष्ट काढली. कचेरीतील स्नेह्यांनी शक्तीच्या पुडी सुचविल्या. आम्ही तर प्रतिकारशक्ती वाढविण्याचा जणू विडाच उचलला होता. मुलगा जितका रोडावे तितका दलिया दाट होई आणि माल्टची पूड एक चमचा अधिक पडे. त्याने तोंड फिरविले तर गोष्टी सांगून, क्वचित दरडावूनही, आम्ही तो घास त्याच्या पोटात घालीत असू. ते घास आठवले की आजही आमची मान खाली जाते.

मे महिन्यात मुले आजोळी, राजापूर तालुक्यातील आमच्या सासुरवाडीस जात. तिथे गव्हाचे प्रस्थ नाही. सकाळी पेज किंवा आंबोळी, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी, मधल्या वेळी नाचणीचे सत्त्व, आणि आंबेफणसांना गणती नाही. तिथे पोहोचल्यावर दोन-अडीच आठवड्यांत चिरंजीवांचे पोट ताळ्यावर येई. तो अंगणात धावू लागे आणि आपण होऊन जेवण मागे. सासूबाई विजयी मुद्रेने म्हणत, ‘‘जावईबापू, औषधं कसली घेऊन बसलात? आमच्या विहिरीचं पाणी आहे हे. तुमच्या त्या मुलखातलं पाणीच बाधतं माझ्या नातवाला.’’ जूनमध्ये आम्ही परत येत असू आणि आषाढ लागण्यापूर्वी पहिले पाढे पंचावन्न. २०१७ च्या मेमध्ये हे घडले. २०१८ च्या मेमध्ये पुन्हा तसेच घडले. आम्ही त्यातून एवढाच बोध घेतला की घरात पाणी शुद्ध करण्याचे एक महागडे यंत्र बसवावे. त्या यंत्रातून आलेल्या पाण्याने आम्ही कणीक भिजवू लागलो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये एका स्नेह्याच्या आग्रहाने आम्ही एका वयोवृद्ध बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. आजवर प्रत्येकाने ‘मुलगा किती खातो?’ असे विचारले होते. ह्या बाईंनी निराळाच प्रश्न केला: ‘‘हा बरा असतो तेव्हा काय खातो?’’ आम्ही आजोळच्या पाण्याचे माहात्म्य सांगू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘पाणी राहू द्या. ताटात काय असते ते सांगा.’’ आम्ही एकेक पदार्थ सांगत गेलो आणि सांगता सांगता आमचाच आवाज खाली येत गेला. तांदूळ, नाचणी, तांदूळ, फणस, तांदूळ. गहू त्यात कुठेच नव्हता.

रोगाचे नाव सीलिॲक. गहू, जव आणि राय ह्या धान्यांतील ग्लूटेन नावाचे प्रथिन ज्यास वर्ज्य, असा हा विकार. बाईंनी रक्ताची तपासणी सांगितली आणि तिच्यामागून दुर्बिणीने लहान आतड्याचा कण काढून पाहण्याचे ठरविले. मात्र एक ताकीद दिली: तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू थांबवायचा नाही. तो आधीच थांबविला तर रक्तातील खूण पुसट होते, आतडे भरून येऊ लागते आणि निदान अडते. ते बारा दिवस आम्ही विसरणार नाही. आजवर अजाणता भरविलेला घास आता जाणून भरवायचा होता. सौ. पोळी लाटी आणि डोळे पुशी. मुलगा मात्र, आता कोणी दरडावीत नाही म्हणून, दोन घास अधिकच खाई.

पुढे बाईंनी जे समजावून सांगितले ते आम्ही आमच्या कचेरीच्या भाषेत मांडतो, म्हणजे आमच्या वाचकांस ते लवकर पटेल. लहान आतड्याच्या आतील अंगाला मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात; अन्नातील लोह, चुना, जीवनसत्त्वे ती लव शोषून घेते. ग्लूटेन पुरते पचत नाही. त्याचे काही तुकडे तसेच आतड्याच्या भिंतीत शिरतात. तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचा एक कारकून बसलेला असतो. त्याचे नेमून दिलेले काम ऊतींच्या दुरुस्तीचे. पण समोर आलेल्या ह्या कागदावर तो एक बारीकसा फेरफार करतो. ज्यांच्या अंगी डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ह्या नावाचा वारसा असतो, त्यांच्या शरीरातील पुढचा अधिकारी तो फेरफार केलेला कागद नेमका उचलतो आणि ‘शत्रू’ असा शेरा मारून वर पाठवितो. मग टी-पेशींचा हुकूम सुटतो, प्रतिपिंडे तयार होतात, आणि गंमत अशी की ती प्रतिपिंडे खुद्द त्या कारकुनाविरुद्धही निघतात. रक्ताच्या तपासणीत हीच प्रतिपिंडे शोधतात. ट्रान्सग्लुटामिनेजची ही ओळख १९९७ साली पटली. लढाई मात्र आतड्यात होते आणि तीत लव झडून मखमलीचे गोणपाट होते. अंकुरच उरले नाहीत तर लोहाचे औषध शोषणार कोण?

तेव्हा आमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. ती दिवसातून चार वेळा, प्रत्येक जेवणानंतर, पूर्ण शस्त्रांनिशी लढत होती. फक्त ज्याच्याशी लढायचे तो शत्रू नव्हता. आपल्याच घरच्या अन्नाशी तिचे वैर जुंपले होते आणि त्या वैरात शरीराची रसद तुटली होती. रसद तुटल्यावर खऱ्या रोगजंतूंपुढे ती थिटी पडली, ह्यात नवल ते काय? बाईंनी त्याच्या हेपॅटायटिस-बी लशीचीही तपासणी केली. सीलिॲक असलेल्या मुलांत ह्या लशीचा प्रभाव पुष्कळदा टिकत नाही. आमच्या मुलाच्याही रक्तात तिचे संरक्षण उरले नव्हते. पथ्य सुरू झाल्यावर ती लस पुन्हा द्यावी लागली. प्रतिकारशक्ती वाढवा, वाढवा, असा घोष आज जिकडेतिकडे चालला आहे. तिला बळाइतकीच विवेकाचीही गरज असते, हे आम्हाला त्या दवाखान्यात कळले. ज्या वैद्यबुवांनी आणि ज्या आईबापांनी ती वाढविण्याचा पण केला, त्यांच्यापाशी तरी तो विवेक कुठे होता?

घरी येऊन आम्ही ह्या विकाराविषयी मिळेल ते वाचले. १८८८ साली इंग्लंडातील सॅम्युएल गी ह्या वैद्याने ह्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तो बरा व्हायचाच तर आहारानेच होईल, असेही लिहून ठेवले. पण आहारातील कोणता पदार्थ, ते त्यास उमगले नव्हते. ते कोडे हॉलंडातील विलेम डिके ह्या बालरोगतज्ज्ञाने सोडविले. गव्हाचा संशय त्यास दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात भीषण दुष्काळ पडला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. पाव मिळेनासा झाला आणि इस्पितळातील सीलिॲकची मुले मात्र सुधारू लागली. युद्ध संपले, पाव परत आला, आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिकेने १९५० साली आपल्या प्रबंधात हा सारा विषय मांडला. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. डिकेला जे दाखवावयास एक दुष्काळ यावा लागला, ते दर मे महिन्यात, भरल्या घरात, आमच्या डोळ्यांसमोर घडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

आपल्या देशातील एक पाहणी तर आमच्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील मिळून तेवीस हजारांवर निरोगी प्रौढांचे रक्त तीत तपासले होते. उत्तरेत शेकडा १.२३ लोकांत सीलिॲकची प्रतिपिंडे सापडली. दक्षिणेत शेकडा ०.१०. मात्र तो डीक्यू-२, डीक्यू-८ चा वारसा उत्तरेत शेकडा ३८ जणांत होता आणि दक्षिणेतही शेकडा ३६ जणांत. बीज दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. अंतर होते ते ताटात: उत्तरेत माणशी दररोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. हा वारसा असलेल्या बहुतेकांना गहू आयुष्यभर सुखाने पचतो, तेव्हा आमच्या हकीकतीवरून कोणी गव्हावर बहिष्कार घालू नये. पण आपण एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातो तेव्हा सामानाच्या यादीत न दिसणारी एक वस्तू आपल्याबरोबर येत असते, एवढे ध्यानात असावे.

ह्या रोगावर आजही औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि तेही जन्मभर. सौ.ने स्वयंपाकघराची झडती घेतली तेव्हा कुठे कुठे गहू दडून बसला होता, ते पाहून आम्ही थक्क झालो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, हे उघडच होते. पण मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू आणि बांधानी हिंगातसुद्धा मैदा! तवा निराळा, पोळपाट निराळा, डबे निराळे झाले. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारी चालत नाही, म्हणून घरघंटी आली. लुधियान्याच्या बाजारात ज्वारी मागितली तेव्हा दुकानदाराने अदबीने विचारले, ‘‘साहेब, म्हशी किती आहेत?’’ पंजाबात ज्वारी मुख्यतः वैरणीची. मग मंगळवेढ्याची मालदांडी सोलापूरच्या एका स्नेह्याकडून रेल्वेने येऊ लागली, आणि बढतीच्या पायऱ्यांवर मागे राहिलेली भाकरी सन्मानाने घरात परतली. आपले उपासाचे पदार्थ, साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सारेच ह्या पथ्यास चालणारे. ‘आमच्याकडे एकाला बारमाही एकादशी आहे,’ असे आम्ही पाहुण्यांना सांगत असू.

खरी परीक्षा प्रसादाची. गावातील मराठी मंडळींच्या सत्यनारायणास एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ‘चिमूटभराने काय होते?’ असे म्हणून शिऱ्याचा घास मुलाच्या हाती दिला. त्यांची माया खरी होती. पण पुढचे दोन दिवस मुलगा अंथरुणावर होता. रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लूटेन, म्हणजे पोळीचा सुमारे पन्नासावा भाग, काही महिने पोटात गेला तरी आतड्यास इजा होते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. पुढे बीजींच्या घरी पाठ झाला, तेव्हा कढाप्रसाद आला, तोही कणकेचा. आम्ही हात जोडून नाही म्हटले. बीजींचा चेहरा उतरला. ‘प्रसादाने कधी कोणाला बाधते का?’ एवढेच बोलून त्या आत गेल्या. चार दिवस आमच्यात बोलणे झाले नाही. पाचव्या दिवशी त्या स्वतः आल्या. हातात कोरा करकरीत तवा होता, वर कागदाची चिठ्ठीही तशीच होती. ‘‘हा तुमच्याकडेच ठेवा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मक्याची रोटी मी इथे येऊन थापीन.’’ मक्यात हे ग्लूटेन नसते. २०२० च्या टाळेबंदीत सोलापूरची ज्वारी बंद झाली तेव्हा बीजींनी मका पाठविला. तो आमच्या घरघंटीवर दळून आम्ही दिवस काढले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. सख्ख्या नात्यात हा विकार आढळण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक, म्हणून बाईंनी आम्हा तिघांचीही तपासणी केली होती. कन्या आणि आम्ही सुटलो, सौ.च्या रक्तात मात्र तीच प्रतिपिंडे निघाली. दुर्बिणीच्या तपासणीनेही तेच सांगितले. तिचा जुनाट पंडुरोग, ज्याला आम्ही ‘बायकांना असायचेच’ म्हणून आजवर बाजूला सारले होते, त्याचेही कारण तेव्हा कळले. अहवाल हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे हे माझ्याकडून त्याला आलं.’’ त्यावर काय बोलावे, ते आम्हाला सुचले नाही. पिढ्यान्‌पिढ्या भातावर जगलेल्या घरात ते बीज निजून राहिले होते. आमच्या बदलीने त्याला जाग आणली. पाणी आजोळचे, तसे बीजही आजोळचे. आणि तो गहू आम्ही आणला होता. ह्यात अपराध कोणाचा, हे ठरविण्याचा नाद आम्ही दोघांनी त्या रात्री सोडला. दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या तव्यावर दोघांसाठी भाकरी पडू लागली.

मुलगा आस्ते आस्ते सुधारला. पहिल्या महिन्यात तो हसू लागला. वर्षाच्या आत रक्तातील लोह वर आले, सर्दीखोकले विरळ झाले. दीड वर्षाने प्रतिपिंडे उतरली. आणि दाराच्या चौकटीवर, त्या जाड काळ्या पट्ट्याच्या वर, एके दिवशी सुटी रेघ उमटली. ती ओढताना आमचा हात थरथरत होता, म्हणून ती जरा वाकडी आली आहे.

जून २०२२ मध्ये आमची बदली हैदराबादेस झाली. सामान बांधून झाले. घराचा ताबा द्यावयाचा म्हणून आम्ही चौकट पुसण्यास फडके घेतले, तो साडेआठ वर्षांचे चिरंजीव आडवे आले. ‘‘बाबा, राहू द्या. पुढे येणाऱ्या मुलाला कळेल, मी किती दिवस थांबलो होतो.’’ आम्ही फडके ठेवून दिले. रंगारी पुढे त्यावर रंगाचा हात फिरवील, हे आम्हालाही ठाऊक होते.

गाडीत बसण्यापूर्वी सासूबाईंचा फोन आला. नव्या गावाचे पाणी कसे आहे, अशी त्यांनी चौकशी केली. पाणी चांगले आहे आणि तिकडे ज्वारीची भाकरीही मिळते, असे आम्ही कळविले. ‘‘भाकरीचं राहू द्या हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मेमध्ये त्याला इकडे पाठवा, म्हणजे झालं.’’ आम्ही ‘बरे’ म्हणालो. गेल्या चार वर्षांत आम्ही पुष्कळ शिकलो. त्यात, कोणाचे पाणी काढून घेऊ नये, हेही एक आहे.